जाळीचा नट

मी पुठ्ठे पाडतो. चादरीवरचा मोर
आधी माझ्या पंचाखालून जातो.
भोक असेल तिथं धाग्यानं उठायचं,
नसेल तिथं पडून राहायचं.
धाग्याला कुणी विचारत नाही.
पुठ्ठ्याला पुठ्ठा शिवलेला, माळ फिरत राहते,
एक भोक चुकलं तर थप्पीच्या थप्पी
लंगडे मोर.

मे महिन्यात चिलवेरींच्या कारखान्यात
माणूस कमी होता म्हणून रात्रपाळीला मागावर उभा राहिलो.
चार नंबरचा धोटा उडाला.
श्रीनिवास मेरगू कांड्यांची पेटी घेऊन पलीकडून येत होता.
वय एकोणीस. डावा डोळा.

चार नंबरच्या जाळीचा नट ढिला होता.
हे मला संध्याकाळी सातपासून माहीत होतं.

सगळ्यांनी मला सोडलं.
शेठ म्हणाले, व्हायचं होतं.
बायको विड्यांचं सूप मांडीवर घेऊन म्हणाली,
तीन दिवस ताप होता तुम्हाला, त्यात वीज येऊन-जाऊन.
युनियनचे गाजूल म्हणाले, मीटरवर मजुरी,
माग थांबला की पोट थांबतं,
पाना शोधायला वेळ दिला होता का कुणी?
खरंय. सगळंच खरंय.
रात्री गच्चीवर पडून मी माळ उलटी फिरवायचो.
ढिल्या नटामागं मजुरी, मजुरीमागं मंदी,
मंदीमागं कुठल्याशा बंदरात न उचललेले टॉवेल.
आणि मी या गावात का,
तर आजोबा करीमनगरकडून खांद्यावर फणी घेऊन चालत आले,
का आले, तर दुष्काळ,
दुष्काळ का, तर पाऊस नाही.
शेवटच्या पुठ्ठ्यापर्यंत कुठंच
माझं बोट सापडेना.
छान झोप लागायची.

मग हिशेब दुसऱ्या बाजूनं आला.
पंधरा वर्षांपूर्वी सिद्धेश्वर तलावात उडी टाकून
कुणाचं तरी पोर मी केसाला धरून बाहेर काढलं होतं.
पाहुणा आला की अजून सांगतो.
पण पोहायला शिकवलं काकानं,
वाट रोजची, दुपार सुट्टीची.
म्हणजे त्या माळेतही बोट नाही.
का बे, म्हटलं स्वतःला,
पोर तुझं आणि डोळा पावसाचा?

विडी घरकुलात गेलो.
श्रीनिवासनं माझ्यासाठी पाणी ओतलं
ते पेल्याच्या शेजारी.
एका डोळ्याला अंतर कळत नाही म्हणे.
मी ओल्या फरशीकडं बघत माळ लावली,
ताप, वीज, मजुरी.
त्यानं ऐकून घेतलं. म्हणाला,
मामा, तुम्ही नाही केलं असं म्हणू नका.
तुम्ही नाही, शेठ नाही, कुणीच नाही,
मग मी काय दगडावर चिडू?
उद्या माफ करावंसं वाटलं
तर पावसाला करू?

माफ केलं, असं म्हणाला नाही.
अजून म्हणालेला नाही.

भोक चुकलं की आम्ही त्यावर
खळ लावून कागदाची टिकली चिकटवतो.
टिकली चिकटवणारा हातही
कुठल्यातरी पुठ्ठ्यानंच उचललेला असेल.
असू दे. धाग्यानं यावर काय बोलावं.
पण त्या दिवशी सात वाजता
माझ्या आत कुणीतरी हळूच म्हणालं होतं,
दिसलंय तुला.
ते कुठल्या पुठ्ठ्यावर होतं
मला अजून सापडलेलं नाही.

आता पाळी लागायच्या आधी
सोळाच्या सोळा जाळ्यांवरून हात फिरवतो.
पोरं हसतात,
म्हातारा मागांना आशीर्वाद देतोय म्हणतात.
पाना खिशातच असतो.
त्याच्या वजनानं विजार
एका बाजूनं खाली ओढली जाते.