तीन तारे दिसल्यावर

पत्रिकेत मी छापलं होतं : शनिवार, सायंकाळी पाच.
झिराडकर काकांनी चष्मा कपाळावर सरकवून वाचलं,
पाचवर आडवी रेघ मारली
आणि वर बारीक अक्षरात लिहिलं : तीन तारे दिसल्यावर.

"अडतीस वर्षं शनिवारी नोटा मोजल्या मी
नाशिकरोडच्या छापखान्यात, ओव्हरटाइम वेगळा.
आता देवाचं देवाला परत करतोय, हप्त्याहप्त्यानं."

आमचं संग्रहालय म्हणजे
देवळाली कॅम्पात लाम रोडवरची एक लांबट खोली.
बेने इस्राएल पलटणकऱ्यांची अकरा पदकं, एक बिगुल,
म्यान हरवलेली एक तलवार,
आणि मी : नोंदवही, खुर्च्या, माइक, चहा.

काकांची ट्रंक शुक्रवारीच रिक्षानं येऊन पडली होती.
आज ते संसरी नाक्यावरून चालत आले, हात रिकामे.
रुमाल खिशात नव्हता, मनगटाला बांधलेला.
ओझं नको म्हणून, असं त्यांनी सांगितलं
आणि खुर्चीवर बसून भिंतीवरचं घड्याळ पाहणं टाळलं.

सव्वीस माणसं. सहा वाजता सगळेच अंगणात,
माना वर.
खंडोबाच्या टेकडीवरचा पहिला गनर सेल्वमनं पाहिला.
दुसरा भगूरच्या ऋजुताला, इयत्ता सहावी, चिंचेच्या फांदीतून.
तिसरा दिसला म्हणून टाळ्या पडल्या,
तर तो सरकायला लागला. ओझरचं विमान.
"सरकारी तारा चालत नाही," काका म्हणाले.

मग थंडी वाजू लागली, कोणी मफलर काढला,
आणि पाण्याच्या टाकीच्या कठड्याशी
वॉचमनलाच दिसला तो, खरा, बारीक,
खिळ्याच्या डोक्याएवढा.

त्यानंतर नारळ फुटले. पोहे भिजले.
मलिद्यासाठी खोबरं खवायला
कर्नलसाहेबांच्या बायकोनं पदर खोचला.
व्याख्यान राहिलंच.

ट्रंकेत वर युनिफॉर्म, खाली कागद.
जमादार सामाजी झिराडकर, खेचरांची तुकडी,
वेढ्यातून सुटल्यावर बसऱ्याच्या इस्पितळातून आईला.
पत्र मोडीत. तीन पिढ्या जपलेलं, एकीनंही न वाचलेलं.

भूमी अभिलेखातून निवृत्त झालेल्या अनसूया खर्जुल
मागच्या रांगेतून उठल्या.
आयुष्यभर बांध आणि वहिवाटी वाचलेल्या बाई,
त्याच सुरात वाचू लागल्या :

आईस सामाजीचा सलाम. पाय बरा आहे, बोटे दोन गेली.
घाण्याचा बैल विकू नये.
वेढ्यात आम्ही काय खाल्ले ते मला विचारू नये.
माझ्याकडे चौदा खेचरे होती.
चंपा, लंगडा राजा, मोगल, दमडी, थोरली, धाकटी,
एवढ्यांना नावे होती. बाकीच्यांना ठेवायची राहिली.
परवाच्या शनिवारी दिवा लावावा. कोणासाठी ते सांगू नये.

इथे घडीवर कागद फाटला होता.
बाईंनी फाटलेला भागही वाचायला घेतल्यासारखं
थोडा वेळ तोंड उघडं ठेवलं, मग मिटलं.

"आजोबांनी किती शत्रू मारले?"
हा प्रश्न दर कार्यक्रमात येतो. मी वाट पाहत होतो.
पण ऋजुतानं हात वर करून विचारलं,
"खाल्लं का त्यांनी? दमडीला?"

सेल्वमनं टोपी काढून मांडीवर ठेवली.
काका मनगटाची गाठ सोडवत बसले,
शनिवार संपला होता, आता चालत होतं,
पण गाठ नखात येईना.
"घरी आल्यावर," ते म्हणाले,
"मरेपर्यंत फक्त वरणभात. आम्हाला वाटायचं, दात नाहीत म्हणून."

मलिदा पानावर आला. कोणी खाल्ला, कोणी डब्यात भरला.
आभार मानायचे मी विसरलो.

रात्री एकटाच होतो. जुनं लेबल काढलं :
जमादार, पदक, साल.
नव्या पट्टीवर सहा नावं लिहिली, टपोऱ्या अक्षरात,
आणि खाली आठ रेघा मोकळ्या.

सोमवारी तोफांचा सराव सुरू झाला.
नेहमीसारखी कपाटाची काच थरथरली.
काच धरायला गेलो
तर एका रेघेवर पेन्सिलीनं कोणीतरी लिहून ठेवलेलं,
सहावीतल्या अक्षरात : गुलाब.