साणं

पाच दिवस शिकलो आम्ही पंचायतीच्या हॉलमध्ये.
अकरा बाया, तीन गडी,
आणि भिंतीवर सव्वादोनला थांबलेलं घड्याळ.

आधार मिस्त्री म्हणाले, घरात शिरलं की आधी नाक,
डोळे मागून.
मग बोटांची पेरं भिंतीवर वाजवत गेले,
टण. टण. टण. ढप.
ऐकलं? इथं गिलावा सुटलाय.
आत ओल बसलीय पाहुण्यासारखी.
पाहुणा तीन दिवसांत उठतो,
ही नातवंडं होईस्तोवर उठत नाही.
आम्ही हसलो, आणि वहीत लिहिलं : ढप.

नर्सबाईंनी फुप्फुसाचं चित्र लावलं.
रुखमानं विचारलं, बोकडाचं का?
नर्सबाई म्हणाल्या, तुझंच आहे, बावीस वर्षं चुलीपुढे बसलेलं.
मग कोणी हसलं नाही.

आणखीही शिकलो.
फवारणीचा डबा उशाशी नको.
रांजण आठवड्याला एकदा कोरडा, उन्हात पालथा.
विंचवाची फट बोटभर,
बुजवायला लागतो मूठभर मसाला
आणि आळस सोडलेला एक रविवार.

सहाव्या दिवशी हातात टॉर्च, खडू, फॉर्म.
पौषाची थंडी. नंदुरबारच्या वाऱ्यावर
पथारीवरच्या मिरचीचा खकाणा.
गल्लीत जो तो शिंकत होता
आणि शिंकताना ओळखीचं हसत होता.

निंबाबाईच्या दारात पाय टाकला.
नाकानं आधी सांगितलं, मग डोळ्यांनी पाणी.
देठं खुडायला आणलेली मिरचीची दोन पोती,
पोत्यांना टेकून अंथरूण,
कोनाड्यात खोकल्याच्या चार बाटल्या,
रिकाम्या, धुऊन ठेवलेल्या.
धाकटी बेबी खोकत होती, थांबत होती,
जणू मोजून पुन्हा खोकत होती.

मी शिकल्याप्रमाणे विचारलं, धूर कुठून जातो?
निंबाबाई म्हणाली,
कथा जाई? आठेच राहस, आम्हनासंगे.

टॉर्च वर धरला.
धाब्याच्या किलचनाला काजळीचा मऊ थर,
मधोमध साणं,
साण्यावर बाहेरून शहाबादी फरशी.
मला वाटलं, हिला कळत नाही.
वाटलं, आता चित्र दाखवावं.
ओठांवर आलेला धडा मी बोलणारच होते.

तर ती म्हणाली, लोटन सुरतला गेला मिलमध्ये,
दोन वर्षं झाली.
मी आणि दोन पोरी.
एका रात्री वर कोणीतरी चाललं, बाई.
मांजर असेल. असेल मांजर.
सकाळी मी एकटीनं फरशी वर चढवली.

फॉर्मवर रकाने होते :
ओल, धूर, वायर, पाणी, उंदीर.
भीतीला रकाना नव्हता.
समासात लिहिलं मी, तिरकं.

मिस्त्रींना सांगितलं. ते गप्प बसले बराच वेळ,
मग म्हणाले, हे मी शिकवलंच नाही की.
वेल्डिंगवाल्याकडून भंगारातले गज आणले,
दीडवित जाळी जोडली,
शिडी लावून चौघी चढलो धाब्यावर.
फरशी हलेना. दोन पावसाळ्यांची खारी माती
तिला घट्ट धरून होती.
रुखमानं पहार घातली.

खाली अंधारात बेबी ओरडली.
जमिनीवर उन्हाचा चौकोन पडला होता,
त्यात गजांच्या चार सावल्या.
तिनं त्यात एक पाऊल ठेवलं,
काढलं, पुन्हा ठेवलं.
धूर मात्र लगेच गेला नाही.
साण्याखाली घुटमळला जरा,
जुन्या भाडेकरूसारखा सामान आवरत.

निंबाबाईनं पोती उचलून ओट्यावर नेली,
न सांगता.
रात्री आत घेईल, मला माहीत आहे,
ओट्यावरची पोती चोरी जातात.
तेही समासात लिहिलं.

फॉर्म क्रमांक सतरा.
साणं : उघडं, जाळीसहित.
खोकला : आहे. पंधरा दिवसांनी पुन्हा विचारणे.

क्रमांक अठरा माझ्याच घराचा.
कपाटामागची भिंत मी अजून वाजवलेली नाही.