वाळायच्या आत

बदलीच्या कागदावर ‘ग्वाल्हेर’ वाचलं
तेव्हा पेटीत मी कोबाल्ट भरला, सॅप ग्रीन,
दोन नवे ब्रश,
सहलीला निघाल्यासारखी.

दीनदयाळ नगर. दुसरा मजला.
खिडकीसमोर अर्ध्यात सोडलेल्या इमारतीचा सांगाडा,
काळी पाण्याची टाकी,
आणि वर आकाश,
नीळ न दिलेल्या पंचासारखं.

वेंगुर्ल्यात मी कागद ओला करायचे
आणि रंगाला सोडायचे त्याच्या मर्जीवर.
तो भटकायचा, कडा विसरायचा,
तोवर मी चहा करून यायचे.
इथे मे महिन्यात
ब्रश उचलेपर्यंत पाणी गायब.
रंग टेकला तिथेच टाचला जातो,
कडा अशा, की ऑफिसचा शिक्का.

आठ कागद फाडले.
नववा फडताळात अंथरला, त्यावर डाळींचे डबे.

खालच्या ढवळीकरबाई, पाच पिढ्या लष्करातल्या,
जिन्यातून ओरडल्या,
“कूलरमध्ये पाणी टाकून घ्या हो,
मग नळ चाललं जातं!”
एरवी मी हसले असते.
त्यांची मराठी निदान उन्हात वावरलेली होती.
माझी पेटीत, ट्यूबांसारखी, झाकण घट्ट.

मग एका मंगळवारी
कर्जाच्या पाहणीला गेले पुरानी छावणीकडे,
हरज्ञान कुशवाहची दगडकापणी.
करवत फिरत होती, तिच्यावर पाण्याची बारीक धार,
आणि खाली ओघळत होता चिखल.
राखाडी.
वाकले, तर हिरवट.
शेवाळाचा हिरवा नव्हे, पानाचा तर नाहीच;
वाळका पुदिना चुरून
कुणी त्यात चुलीतली राख कालवावी, तसा.

“गीला है तब तक,” तो म्हणाला, “सूखा कि गया।”
आणि लगेच, “मॅडम, लोन तो हो जाएगा ना?”

उरलेली भेंडी मी कुत्र्याला घातली
आणि डबा भरून चिखल आणला.

जुन्या ओढणीतून तीनदा गाळला,
डिंकाच्या पाण्यात खलला,
बोटांना कचकच लागेनाशी होईपर्यंत.
पहाटे साडेचारला, कूलरच्या घरघरीत,
डाळींचे डबे खाली उतरवले.
कागदावर त्यांची वर्तुळं उमटली होती.
राहू दिली.

घाई करावी लागली.
टाकी एका फटकाऱ्यात.
सांगाड्याच्या सळया, श्वास न घेता, बारा.
एक चुकली, वाकडीच वाळली,
तिला समजावायला वेळच नव्हता.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा
चहा मध्ये आला नाही.

चित्र बरं आहे असं नाही.
खालचा कोपरा चिखल तो चिखलच.
पण खिडकीतून ऊन आत आलं
तेव्हा मी दुसरा कागद शोधत होते
आणि उन्हाशी भांडत होते, थांब जरा, थांब,
हक्काच्या माणसाशी भांडावं तशी.

कर्जाच्या फाइलीत
मशीन नंबरच्या रकान्यात काहीच नाही,
नुसता माझ्या अंगठ्याचा ठसा.
पहाटे हिरवा होता.
आता दहा वाजलेत, राखाडी.
कुशवाहला फोन करून नंबर विचारायला हवा.
डबाही रिकामा झालाय.