खालची ओळ

बाईट चव्वेचाळीस सेकंदांची होती.
मीच घेतली, बोडीच्या पाळीवर,
एका हातात मोबाइल, दुसऱ्यात वाहिनीचा बूम,
त्याचा फोम डिक्कीत उंदरांनी कुरतडलेला.

दुर्पतामावशी गुडघाभर पाण्यात.
मागे बेशरमाचे ढीग,
बायांनी तीन आठवडे उपटलेले.
ती म्हणाली,
"आमी बेसरम उपटला, राजोली लावला,
तवा मासोरी परत आली.
आता मनतेत, तराव ठेक्याले देतो.
पान्याले का धनी रायते गा?"

रात्री साडेनऊला फाट्यावरच्या टपरीत
अख्खा कनेरटोला टीव्हीसमोर.
मावशीचं तोंड उघडलं
आणि तिच्या छातीवर, पांढऱ्या पट्टीत,
एक ओळ येऊन थांबली:
आम्ही तण काढले, मासे परतले.
तलावाचा लिलाव आम्हाला मान्य नाही.
प्रश्नचिन्ह कुठेच नव्हतं.

मावशीला वाचता येत नाही.
"माह्या खाली का लिवला आहे?"
मी वाचून दाखवलं.
ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली,
"मी तं मराठीच बोलली ना गा?"

टपरीवाला कप विसळत होता, विसळतच राहिला.

मला सहावीतले नाकाडे गुरुजी आठवले.
डोरा नाही, डोळा.
फर नाही, फळ.
छडी नव्हती त्यांच्याकडे.
वर्गाचं हसू होतं, ते तेच वापरायचे.
घरी येऊन मी आरशासमोर
जीभ मागे वळवायचो, टाळूला टेकवायचो,
वासराला दावं लावतात तशी.
दिवाळीपर्यंत ळ आला.
त्यानंतर आई मला
पाहुण्याला वाढतात तसं वाढायला लागली.

मग निवडणूक लागली.
उमेदवाराचा माणूस त्याच टपरीत आला,
तीन पानांचं भाषण माझ्यासमोर ठेवून म्हणाला,
"हे जरा इकडचं करून द्या.
लोकांना आपलं वाटलं पाहिजे. पानाचे पाचशे."

केलं.
रात्री दीडपर्यंत बसलो.
एकेक ळ काढला, तिथे र बसवला,
ण उपटला, न लावला.
मोबाइल प्रत्येक शब्दाखाली
लाल नागमोडी रेघ ओढत होता.
दीड हजारात गाडीचा मागचा टायर बदलला.

सभा आठवडी बाजारात.
"राम राम गा भावाहो, राम राम मायबाईहो..."
टाळ्या पडल्या. खऱ्या टाळ्या.
माझ्याही अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू,
ही बोली भोंग्यातून येताना
मी पहिल्यांदा ऐकत होतो.
मासोरीवर तो अडखळला.
मासोली म्हणाला, मग मासोडी,
मग सरळ पुढच्या ओळीवर गेला.

ठेक्याबद्दल त्या तीन पानांत काही नव्हतं.
मी शोधलं होतं.
आपणच घालावं असंही मनात आलं होतं.
घातलं नाही.

मावशी शेवटच्या रांगेत उकिडवी बसलेली.
परतताना पाळीवर एवढंच म्हणाली,
"बोलते आमच्यासारखा.
आयकते कोनासारखा?"

मग माझ्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ.
"सांजपानी मनला ना त्यानं?
तो तं तुह्या मायचा सबद होय."

होता.
दाडक आणि बोटरी वर येतात ती वेळ,
जेव्हा उजेड पाण्याहून पातळ होतो.
आमच्या घराबाहेर तो शब्द कुणी बोलत नव्हतं.
झोपेच्या तारेत कधी लिहून गेलो, कळलंही नाही.

तो मात्र त्यानं बरोबर म्हटला होता.
जराही न अडखळता.