आखूड पाय

बोट धक्क्याला लागली की दहाच्या सुमाराला
एल कोंदे रस्त्यावर टोप्यांचा पूर येतो.
तोवर माझं टेबल लागलेलं असतं.
अंबरचे तुकडे, निळे लारिमार,
मिठाच्या पाण्याचा पेला,
आणि सगळ्यात शेवटी मांडते ती खुर्ची.

विकायची नाही. एक पाय आखूड,
त्याखाली घडी केलेलं लॉटरीचं तिकीट.
तरी सगळ्यात जास्त धंदा तीच करते.

बाया कॅथेड्रल बघून येतात, किल्ला बघून येतात,
अजून त्यांच्या पायात जोर असतो.
नवऱ्यांना मात्र पाचशे वर्षांचं काही नको असतं,
पाच मिनिटांची सावली हवी असते.
"बसा," म्हणते मी.
एवढा एक शब्द मला अकरा भाषांत येतो.
तो बसतो, मग ती थांबते,
थांबल्यावर हात रिकामे कसे ठेवायचे
म्हणून काहीतरी उचलते.

मी तुकडा पेल्यात टाकते.
खरा अंबर तरंगतो, प्लास्टिक बुडतं.
"आमच्याकडे उलटं आहे," एक बाई म्हणाली,
"खोटंच वर येतं."
मी हसले. किंमत तेवढीच ठेवली.

मंगळवारी एक म्हातारा आला, एकटाच.
"बायको?" मी विचारलं.
"ती पुढे गेली."
पुढे म्हणजे रस्त्यात की कुठे,
ते त्याच्या स्पॅनिशमधून कळेना,
आणि मीही खोदून विचारलं नाही.

मुंगी अडकलेला अंबर त्याला दाखवला.
त्यानं मुंगीकडे पाहिलंच नाही.
बसल्या बसल्या डोलून पाहिलं, इकडे, तिकडे,
मग खाली वाकून तिकीट ओढून काढलं,
माझ्या हातात दिलं,
खिशातला शहराचा नकाशा आठ घड्या करून
पायाखाली सारला.
गव्हर्नरांचे वाडे, मठाचे पडके खांब,
बायकांच्या फेरफटक्यासाठी म्हणून बांधलेला रस्ता,
सगळं एका पायाखाली.
वर बसून त्यानं मान हलवली,
सुतार हलवतात तशी.

घेतलं काहीच नाही.
उठला आणि नदीकडे पाठ करून चालू लागला.
"ओ, बोट इकडे!" मी ओरडले.
त्यानं न वळता हात हलवला.

तिकीट अकरा महिन्यांपूर्वीचं.
आकडे पुसले होते. बरंच झालं.

पण तेव्हापासून खुर्ची हलत नाही,
आणि जो बसतो तो झोपतो.
बायका कंटाळून पुढे जातात,
विल्नेरच्या चित्रांपाशी थांबतात,
कोंबडे, बाजार, लाल छत्र्या विकत घेतात.
विल्नेर मला रोज दुपारी कॉफी पाठवतो
आणि वर विचारतो, खुर्ची बरी आहे ना?

संध्याकाळी टेबल आवरते.
परवाचा एक नवरा अजून घोरत असतो,
बोटीचा भोंगा होईस्तोवर त्याला उठवत नाही.
उद्या नकाशा काढून टाकीन म्हणते.
रोजच म्हणते.