पाचशे चाळीस

तुमच्या त्या लाल किरणाच्या डबीत
पाचशे चाळीस यार्ड आलं. येऊ द्या.
मागं चिंचेखाली अजून चाळीस मोकळी आहेत,
टी तिकडं सरकवली की पाचशे ऐंशी,
आणि वहीत तुम्ही लिहिलंत : "अधिक कठीण".

साहेब, एक्केचाळीस वर्षं मी इथं पिशव्या वाहिल्या.
रावपुऱ्यातून मांडवीचा रस्ता लांब नाही,
कठीण आहे.
मकरपुऱ्याचा लांब आहे,
माणूस रिक्षात झोपतो.

इथं उभे राहा. काय दिसतं?
झेंडा नाही दिसत. वड दिसतो.
उजवीकडं एवढं मोकळं
की नवशिक्याचेही खांदे सैल पडतात.
डावीकडं ओढा, पाऊसकाळात
विश्वामित्री फुगली की तो भरतो
(एकदा मगरीचं पिल्लू बसलं होतं चेंडूशेजारी,
आम्ही चेंडू तिलाच दिला).

उजवीकडं मारा, सुखरूप राहाल.
त्या सुखाचं बिल पुढच्या फटक्याला येतं.
ओढ्याला घासून टाकलात
तर ग्रीन समोर, वाढलेल्या ताटासारखं.
कुणी तुम्हाला अडवत नाही.
फक्त विचारतं.

दुसरा फटका. लांब होलं इथंच मरतात.
पहिल्यात जोर, तिसऱ्यात नजर,
मधला नुसता हेलपाटा,
सेवउसळ खायला निघाल्यासारखा.
आपल्याकडं मध्ये तो वाळूचा खड्डा आहे.
त्याच्या अलीकडं थांबायचं की वरून जायचं,
हे रोज नव्यानं ठरवावं लागतं, वाऱ्याला विचारून.

डॉक्टर मेहेंदळेबाई त्रेसष्टाव्या वर्षी
दीडशेच्या पुढं मारत नसत.
चार आखूड फटके, चारही विचारपूर्वक,
आणि वारसियाच्या त्या बेअरिंगवाल्या पोराला,
जो पावणेतीनशे हाणायचा,
त्यांनी याच होलवर हरवलं.
तो म्हणाला, खड्डा चुकीच्या जागी आहे.

बरोबर म्हणाला.
नकाशात तो सहा पावलं उजवीकडं होता.
माझ्या वडिलांच्या कुदळीला वडाचं मूळ लागलं,
मूळ तोडायला त्यांचा हात होईना.
सेक्रेटरीनं दंड केला, दीड रुपया.
दंडाची पावती घरी आहे.
खड्डा अजून तिथंच.

मागं सरकवलीत टी, तर जोरवाल्यांना
वड आणि ओढा दोन्ही लांब पडतील,
सगळे उजवीकडं मारतील,
कुणी काही विचारणार नाही.
बाईंसारख्या माणसाला तर
पहिला फटका मैदानापर्यंतही पोचायचा नाही.
लांबी वाढेल, साहेब. होल आखूड होईल.

तुम्ही खेळता का?
नाही?
मग ती डबी खिशात ठेवा, बूट काढा,
एकदा ग्रीनपर्यंत चालत जाऊन या.
वडापाशी जमीन डावीकडं उतरते.
कागदावर ते नाही दिसत,
तळव्याला कळतं.
मी इथंच आहे, सावलीला.