सातवी ओळ

सोमवारी उद्यमनगर बंद.
भट्टी गार, वाळूच्या ढिगांवर ताडपत्री,
वॉचमन गुंडोबा पत्र्याच्या सावलीत घोरतोय,
आणि मी ऑफिसात, काळ्या खिडकीपुढं,
एक आज्ञा टाइप करतो. एंटर.

सायकलची घंटा नाही, दाराशी कुणी नाही.
नुसत्या ओळी वर सरकत जातात:
एकवीस पत्रं. आणतोय. आणलं.
आणतोय. आणलं.
मला ही भाषा आवडते.
आमचा जुना मोल्डर नेमगोंडा असाच होता,
"झालं" एवढंच म्हणायचा
आणि पुढच्या पेटीकडं वळायचा.

नियमांची फाइल माझीच.
वाळूला लावतो तशा चाळण्या, एकाखाली एक;
जो पहिल्या जाळीत अडकला
तो खालची जाळी बघत नाही.
शिरोलीच्या ऑर्डरी 'शिरोली'त,
बँकेचं 'बँके'त,
वीजबिलाचं 'डोकेदुखी'त,
मेहुण्याचे सुविचार 'नंतर'मध्ये,
तिकडं मी अजून फिरकलेलो नाही.
सातवी ओळ दिवाळीत घातली, वैतागून:
विषयात 'शेवट' दिसला की थेट रद्दी.
शेवटची संधी, शेवटचे दोन दिवस, शेवटचा फ्लॅट,
आणि आठवड्यानं पुन्हा तेच. कुणाचं काही संपतच नव्हतं.

नववी ओळ दस्तगीरची.

दस्तगीर शिकलगार, पॅटर्नमेकर.
सागवानात पंपाचं पोट कोरायचा,
बिडाचं ओतीव गार होताना किती आकसेल
याचा हिशोब तोंडावर.
लेथसाठी माझे ऐंशी हजार नेले,
लेथ विकला, मस्कत गाठलं.
मग येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती चार-चार हजार,
आणि मागोमाग मेल: "भावा, धाडलेत. बघ."
एकोणीस वेळा.
मग काहीच नाही.

चार महिने मी चहाच्या गाड्यावर
त्याचा उद्धार केला.
"शेवटाला माणूस कळतंय बगा," गाडेवाला म्हणाला,
आणि मी मान डोलावली.

आज भलतंच शोधत होतो.
इचलकरंजीची एक ऑर्डर सापडेना
म्हणून आणणाऱ्याची नोंदवही उघडली.
तारीख, वेळ, कुणाकडून, कुठं टाकलं.
बोट सरकत सरकत मार्चात थांबलं:
दस्तगीर. विषय: शेवटचा हप्ता.
पुढं बारीक अक्षरात: रद्दी.

रद्दी तर महिन्याला आपोआप रिकामी होते.
तीही मीच सांगितलेली गोष्ट.
पण आणताना 'ठेव' लिहिलं होतं,
मूळ प्रत तिकडं सर्व्हरवर राहू दे म्हणून.
राहिली होती.

"भावा, शेवटचे चार हजार. ह्या खेपेला आईपाशी ठेवलेत,
सदर बाजारात. तू स्वतः जा.
चहा घेतल्याशिवाय उठू नको,
तिच्याकडं आता कोण येत नाही."

सातवी ओळ मी पुसली नाही.
तिच्या आधी फुलीजाळीचं चिन्ह घातलं:
म्हणजे ओळ आहे, पण पाळायची नाही.
मग गुंडोबाला उठवलं, कुलूप लावायला सांगितलं,
स्कूटर तीन किकमध्ये चालू झाली.

म्हातारीनं दार उघडलं ते ओळखूनच.
पाकीट पिठाच्या डब्यामागं होतं,
कोपऱ्याला पीठ लागलेलं.
"मोजून घे," ती म्हणाली. मी मोजले, उगीच.
स्टोव्हला पंप मारत तिनं विचारलं,
"लई दिवस लावलास रं. पोरानं कळवलं न्हवतं व्हय?"

"कळवलं हुतं," मी म्हणालो.
"मग?"

आलं ठेचायचा आवाज चालू होता.
मला सातवी ओळ तिला समजेल अशी सांगायची होती.
"चाळणीत अडकलं हुतं," म्हणालो.

"कसली रं चाळण?" तिनं विचारलं,
आणि चहा गाळायला गाळणं शोधू लागली.